मोबाइल ॲपचा पहिला स्क्रीन मराठीतच काढा

शेतकऱ्यानं पिकाची नोंद स्वतःच्या फोनवरून करायची, ही ई-पीक पाहणी राज्यात २०२१ साली सुरू झाली. पैसे पाठवणं, गॅस बुक करणं, कॉलेजचा अर्ज भरणं, सातबारा काढणं हीदेखील कामं आता फोनवरच होतात. पूर्वी कचेरीच्या खिडकीपाशी कुणीतरी 'इथं सही करा' म्हणून सांगायचं. आता ते स्क्रीननं सांगायचं असतं. स्क्रीनला ते नीट जमलं नाही, तर माणूस फोन शेजारच्या पोराच्या हातात देतो आणि सोबत ओटीपीही देऊन बसतो. आपला व्यवहार आपल्याच हातात राहतो की नाही, हे अशा वेळी डिझाइनवर ठरतं.

लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगरच्या कॉलेजांत शिकणाऱ्या आणि पहिलं ॲप हातात घेतलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. उदाहरण म्हणून एकच ॲप शेवटपर्यंत धरू. ते मोंढ्यातला, म्हणजे शेतमालाच्या बाजारातला, रोजचा भाव दाखवतं आणि माल विकल्यावर शेतकऱ्याला त्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, फोनवर देतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडं पुष्कळ ॲप इंग्रजीत काढली जातात आणि शेवटच्या आठवड्यात त्यांत मराठी भरली जाते. बटणात न मावणारा मजकूर, कापलेल्या वेलांट्या, एका स्क्रीनवर 'नोंदणी' तर दुसऱ्यावर 'रजिस्टर', हे सगळं त्या घाईतून येतं. पहिलं कागदी चित्र काढतानाच मराठीत काढलंत, तर यातल्या बऱ्याच अडचणी उभ्याच राहणार नाहीत.

१. माणूस कशासाठी आला, ते एका वाक्यात लिहा

कॉम्प्युटर उघडायच्या आधी वहीत एक वाक्य लिहा. आपल्या ॲपसाठी ते असं होईल: 'माल टेम्पोत भरायच्या आधी शेतकऱ्याला कळलं पाहिजे, की आज सोयाबीन मोंढ्यावर न्यावं की थांबावं.'

या वाक्यानं पहिल्या स्क्रीनवर काय ठेवायचं आणि काय काढायचं, दोन्ही ठरतं. निर्णय घ्यायला माणसाला लागतं काय? आजचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव, आवक किती क्विंटल झाली, आणि काल काय होतं. बाजार समित्या भाव याच तीन रकान्यांत देतात, तेव्हा लोकांच्या डोळ्यांना ती मांडणी सवयीची आहे. सोबत हमीभावाची एक ओळ द्या, कारण मनातल्या मनात तुलना त्याच्याशीच होते. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि २०२५-२६ ला ५,३२८. सरकता बॅनर, स्वागताचा संदेश, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो या वाक्यात कुठंच बसत नाहीत. त्यांना 'आमच्याविषयी'च्या पानात जागा द्या.

पदाधिकारी आग्रह धरतील, हे मला माहीत आहे. तेव्हा हेच वाक्य त्यांच्यापुढं ठेवा. ते वाक्य त्यांनी आधी मान्य केलेलं असेल, तर पुढची चर्चा सोपी जाते.

२. कागदावर काढा आणि खरा मजकूर भरा

फोन वहीच्या पानावर ठेवून पेन्सिलनं भोवती रेघ ओढा. तेवढ्याच चौकटीत स्क्रीन काढा. खऱ्या मापात काढल्यावर किती कमी मावतं ते लगेच कळतं.

चौकटीत नमुन्याचा निरर्थक मजकूर भरू नका. सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड, अशी दोन्ही खरी नावं घालून बघा. जिल्ह्यांच्या यादीत 'बीड' आहे आणि 'छत्रपती संभाजीनगर'ही आहे. ज्या खान्यात 'बीड' सुंदर दिसतं, तिथं संभाजीनगर दोन ओळी घेणार. त्या दोन ओळींची जागा पहिल्याच दिवशी ठेवा. मजकूर कापून पुढं तीन टिंबं देण्याचा मार्ग मराठीत फार वाईट ठरतो. जोडाक्षर मधेच तुटलं तर उरलेला तुकडा वाचताच येत नाही.

कागदावर जमलं की फिग्मा किंवा पेनपॉट या स्क्रीन काढायच्या साधनांत घ्या. फिग्मा ब्राउझरमध्येच चालतं आणि शिकण्यापुरतं मोफत मिळतं. पेनपॉट पूर्णपणे मुक्त स्रोत आहे. दोन्हींत देवनागरी टाइप होते, त्यामुळं इंग्रजीत सुरुवात करायला काही कारण नाही.

३. अक्षरं: इथं वेळ घालवा

मराठी ॲपचा वाचनीयपणा सगळ्यात जास्त या पायरीवर अवलंबून असतो, म्हणून सविस्तर सांगतो.

देवनागरी अक्षर वर आणि खाली, दोन्हीकडं वाढतं. वर रफार, वेलांटी, अनुस्वार; खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षराचा पाय. इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळीच्या उंचीत हे मावत नाही. 'राष्ट्रीयीकृत बँकेतील शेतकऱ्यांची खाती' एवढी एकच ओळ टाकून बघा. ष्ट्री, कृ, बँ, ऱ्यां ही सगळी अवघड अक्षरं तिच्यात आली आहेत. ती कुठंही न कापता, वरच्या-खालच्या ओळीला न चिकटता दिसली, तर तुमची उंची बरोबर आहे. मुख्य मजकूर १६ एसपी (अँड्रॉइडमधलं अक्षराच्या मापाचं एकक) धरला, तर ओळीची उंची २४ ते २६ ठेवा. त्याच्या खाली जाऊ नका.

अँड्रॉइडमध्ये अक्षराचं माप एसपीमध्येच द्या. माणसानं फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठं केलं की एसपीतला मजकूर त्याबरोबर वाढतो. ज्याला जवळचं दिसत नाही, तो चष्मा न शोधता वाचू शकतो. अँड्रॉइड १४ मध्ये अक्षर दुपटीपर्यंत वाढवता येतं. दुप्पट केल्यावर तुमची तीन रकान्यांची ओळ मोडणारच. तेव्हा रकाने एकाखाली एक येतील, अशी सोय आधीच करून ठेवा.

फॉन्ट निवडताना नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांपासून सुरुवात करा. दोन्ही मोफत आहेत आणि लहान मापातही वाचता येतात. फॉन्ट कोणताही घ्या, पण चार गोष्टी तपासा. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' नीट येतात का: शेतकऱ्याला, वऱ्हाड. 'ॲ' दिसतो की त्याच्या जागी रिकामा चौकोन येतो? रुपयाचं चिन्ह आहे का? ते २०१० मध्ये आलं, त्यामुळं जुन्या फॉन्टमध्ये नसू शकतं. आणि 'ल' व 'श' मराठी वळणाचे येतात की हिंदी वळणाचे? काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितल्यावरच मराठी वळण दिसतं. भाषेची ही खूण पुढं स्क्रीन वाचून दाखवण्याच्या वेळीही उपयोगी पडते, म्हणून ती विसरू नका.

अक्षरांमध्ये जादा अंतर सोडायची इंग्रजीतली पद्धत देवनागरीत वापरू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. तिरकं अक्षरही टाळा, बहुतेक फॉन्टमध्ये ते नुसतं ओढून तिरकं केलेलं असतं. जोर द्यायचा असेल तर ठळक करा किंवा माप वाढवा. फार जाड वजन मात्र लहान मापात घेऊ नका, 'ध', 'घ', 'भ' यांची पोकळी भरून जाते.

आता एक गोष्ट जी डेव्हलपरला सांगावीच लागते. नावाच्या खान्याला अक्षरांची मर्यादा घालताना कॉम्प्युटर अक्षरं मोजत नाही, तो कोड मोजतो. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरं दिसतात. कॉम्प्युटर ती दहा मोजतो. वीसची मर्यादा असेल, तर नाव आणि आडनाव मिळून ती ओलांडली जाते आणि माणसाला स्वतःचं नावच पूर्ण लिहिता येत नाही. मर्यादा सैल ठेवा. शोधण्याच्या खान्यातही मराठीची सोय लागते. लोक 'सोयाबीन' लिहितील, 'सोयाबिन'ही लिहितील, कुणी इंग्रजी अक्षरांत लिहील. तिन्ही चाललं पाहिजे. शिवाय 'ऱ्य' वेगवेगळ्या कीबोर्डवर दोन वेगळ्या प्रकारांनी साठवला जातो. दिसायला तो सारखाच, पण शोधताना जुळत नाही. साठवायच्या आधी दोन्ही एका रूपात आणायला सांगा.

४. आकडे आणि मापं

पैशाच्या ॲपमध्ये आकडा चुकीचा वाचला गेला की नुकसान होतं. मराठी आकडे ठेवायचे की इंग्रजी, हा पहिला प्रश्न. कालनिर्णयासारख्या दिनदर्शिकेत आणि एसटीच्या पाटीवर माणूस मराठी आकडे वाचतो. काट्याच्या डिस्प्लेवर आणि फोनच्या डायलरवर इंग्रजी. दोन्ही चालतील, पण एका ॲपमध्ये एकच प्रकार ठेवा. लिहून घेताना मात्र दोन्ही स्वीकारा. मराठी आकडे निवडले तर लहान मापात १ आणि ९ यांचा गोंधळ होतो का, ते खऱ्या फोनवर बघा. रकान्यात आकडे उजवीकडं जुळवा, म्हणजे ९८० आणि ४,४०० यांतला फरक न वाचताही दिसतो. स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं, १,२५,००० असा.

जमिनीचं क्षेत्र लिहून घेणारा खाना तर नीट विचार करूनच काढा. गावात माणूस एकर-गुंठ्यांत बोलतो. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात. अडीच एकर म्हणजे २ एकर २० गुंठे, कारण ४० गुंठ्यांचा एकर. पुष्कळ लोक ते २.२० असं लिहितात. कॉम्प्युटर २.२० ला दोन पूर्णांक दोन दशांश एकर समजतो, म्हणजे २ एकर ८ गुंठे. बारा गुंठे कुठं गेले, कुणालाच कळत नाही. अर्जावर कमी क्षेत्र पडतं आणि माणूस तालुक्याला चकरा मारत राहतो.

उपाय अगदी सोपा आहे. एका खान्याऐवजी दोन खाने द्या: 'एकर' आणि 'गुंठे'. गुंठ्यांत ३९ च्या वर आकडा घेऊ नका. खाली लगेच दाखवा: 'सातबाऱ्याप्रमाणे अंदाजे १ हेक्टर १ आर'. माणूस हातातल्या उताऱ्याशी पडताळून बघतो आणि पुढं जातो. वजनाचंही तसंच. कुणी पोती सांगतो, कुणी क्विंटल, काटा किलो दाखवतो. खान्याच्या शेजारी एकक लिहिलेलं असलंच पाहिजे, आणि ते फिकट रंगात नको.

पट्टीचा स्क्रीन बघू. आकडे नमुन्यापुरते आहेत. वजन १८.४० क्विंटल, भाव ४,४०० रुपये, रक्कम ८०,९६०. हमाली आणि तोलाई मिळून वजा ३८०. हातात ८०,५८०. माणसाला आधी शेवटचा आकडा बघायचा असतो, म्हणून '८०,५८० रुपये मिळतील' हे सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत द्या. त्याखाली कागदी पट्टीच्याच क्रमानं सगळा हिशोब द्या. हमाली वेगळी, तोलाई वेगळी, उचल घेतली असेल तर तीही वेगळ्या ओळीत. 'इतर कपात' असा गोळाबेरीज शब्द वापरू नका. ज्या ओळीवर शंका येते तीच त्यात लपलेली असते, आणि एकदा शंका आली की माणूस ॲप सोडून कागदाकडं परत जातो.

५. बोटाला पुरेल एवढी जागा

दाबायची प्रत्येक गोष्ट किमान ४८ डीपी (अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) रुंद आणि तेवढीच उंच ठेवा, शेजारच्या बटणापासून ८ डीपी लांब. १६० डीपी म्हणजे साधारण एक इंच, तेव्हा ४८ डीपी पाऊण सेंटिमीटरच्या आसपास येतं. आयफोनसाठी ॲपलचं माप ४४ पॉइंट आहे. आयकॉन लहान दिसला तरी चालेल, त्याच्याभोवतीची दाबायची जागा मोठी हवी. 'रद्द करा' आणि 'पाठवा' ही बटणं एकमेकांना चिकटून ठेवू नका. मुख्य बटण स्क्रीनच्या खालच्या भागात द्या, एका हातात पिशवी असताना अंगठा तिथंच पोचतो.

मोकळ्या जागेची मापं ८ च्या पटीत ठरवा: ८, १६, २४. रोज नव्यानं विचार करावा लागत नाही आणि सगळे स्क्रीन एका घरातले दिसतात.

६. रंग उन्हात तपासा

मजकूर आणि त्यामागचा रंग यांच्या उजेडातला फरक मोजता येतो. डब्ल्यूसीएजी नावाची जगभर वापरली जाणारी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. त्यांप्रमाणे साध्या मजकुराला हे प्रमाण किमान ४.५:१ लागतं; मोठ्या मजकुराला आणि बटणाच्या कडेसारख्या गोष्टींना ३:१. मोजणारी साधनं इंटरनेटवर मोफत आहेत.

नव्या डिझायनरना फिकट राखाडी फार आवडते. पांढऱ्यावर ९९९९९९ या कोडची राखाडी मोजली तर २.८५:१ भरते, म्हणजे नापास. ७६७६७६ ची राखाडी ४.५४:१ वर जेमतेम पास होते. आणि हे मोजमाप खोलीतल्या उजेडाचं नाही की उन्हाचं नाही, ते फक्त रंगांचं आहे. एप्रिल-मेच्या उन्हात वावरात उभं राहून जुन्या फोनवर वाचायचं असेल, तर जेमतेम पास पुरत नाही. मी मुख्य मजकुराला ७:१ च्या खाली येऊ देत नाही. जवळजवळ काळं अक्षर, पांढरी पाटी, आणि एकच गडद मुख्य रंग. भडक हिरव्यावर पांढरी अक्षरं दिसायला ताजी वाटतात, पण मोजून बघा, बहुतेक हिरवे नापास होतात.

भाव वाढला की हिरवा आणि उतरला की लाल, एवढ्यावर थांबू नका. लाल-हिरवा फरक न कळणारी माणसं आपल्या आसपास असतात. हा दोष एक्स गुणसूत्रातून येतो, त्यामुळं तो पुरुषांत जास्त आढळतो, आणि अनेकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकही नसतं. रंगासोबत बाण द्या आणि शब्दही द्या: 'कालपेक्षा ४० रुपये जास्त'. मग रंग गेला तरी अर्थ राहतो. तपासायला फोन काळा-पांढरा करून बघा, ती सोय सेटिंगमध्ये असते.

७. एक गोष्ट, एक नाव, एक जागा

सारखेपणा आपोआप येत नाही, तो लिहून ठेवावा लागतो. दोन याद्या करा.

पहिली शब्दांची. मोंढ्यात लोक 'भाव' म्हणतात, फळ्यावर 'दर' लिहितात, डेव्हलपर 'रेट' लिहितो. एक निवडा आणि सगळीकडं तोच वापरा. मी 'भाव' घेईन. बटणावर क्रियापद ठेवा आणि काय होणार ते सांगा: 'पट्टी बघा', 'नंबर बदला', 'अर्ज पाठवा'. 'ओके', 'होय', 'पुढे' यांतून काय घडणार ते कळत नाही. 'सेव्ह' सगळ्यांना समजत असेल तर 'सेव्ह करा' लिहायला हरकत नाही, लोकांच्या तोंडात असलेला शब्द चांगला. आणि माणसाला सगळीकडं 'तुम्ही' म्हणा. एका स्क्रीनवर 'आपण', पुढच्यावर 'तू', असं कानाला खटकतं.

दुसरी यादी घटकांची. मुख्य बटण कसं, दुय्यम कसं, लिहायचा खाना कसा, यादीतली ओळ कशी, चूक दाखवायची पट्टी कशी. फिग्मात प्रत्येकाचा एकेक कंपोनंट, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारा साचा, करा आणि सगळे स्क्रीन त्यांतूनच बांधा. गुगलचं मटेरियल डिझाइन २०१४ पासून आहे. त्यातले तयार घटक घ्या, नवीन शोधत बसू नका. लोकांना व्हॉट्सॲपमुळं जे हातवळणी पडलंय, त्याच्याशी जुळवून घेण्यात कमीपणा नाही. मागं जायचा बाण वर, तोच फोनच्या मागं जायच्या खुणेशी जुळणारा. आयकॉनखाली नाव लिहा, निदान मुख्य चार-पाच आयकॉनखाली तरी.

८. रेंज नसताना आणि चूक झाल्यावर

डोंगरपट्ट्यात, वावरात रेंज जाते. तेव्हा पांढरा स्क्रीन आणि फिरतं चक्र दाखवण्यापेक्षा शेवटचा मिळालेला भाव दाखवा आणि त्यावर वेळ लिहा: 'काल संध्याकाळी ६:१० चा भाव. रेंज आली की नवा दिसेल.' वेळ न लिहिता जुना भाव दाखवणं धोक्याचं आहे. माणूस तो आजचा समजून टेम्पो भरेल. बाजाराला सुट्टी असेल तर रिकामी यादी न दाखवता 'आज मोंढा बंद आहे' असं लिहा.

एका सेकंदाच्या आत उत्तर येत असेल तर काही दाखवायची गरज नाही. दहा सेकंदांच्या वर जात असेल तर किती काम झालं ते दाखवा आणि थांबवायची सोय द्या. नाहीतर माणूस बटण पुन्हा पुन्हा दाबतो आणि एकच अर्ज तीनदा जातो. पहिल्या दाबण्यानंतर बटण बंद करून त्यावर 'पाठवतोय…' लिहा.

चूक दाखवणारा संदेश कसा लिहायचा? 'अवैध इनपुट' यातून माणसाला काहीच कळत नाही. 'मोबाइल नंबर १० आकडी असतो, तुम्ही ९ आकडे टाकले आहेत' यातून कळतं. संदेश त्या खान्याखालीच द्या आणि भरलेलं बाकी सगळं जागेवर राहू द्या. खान्याचं नाव खान्याच्या वर लिहा. खान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेलं नाव टाइप करताच नाहीसं होतं, आणि निम्मा अर्ज झाल्यावर इथं काय लिहायचं होतं ते आठवत नाही. नंबरच्या खान्याला आकड्यांचाच कीबोर्ड उघडा.

९. डोळे मिटून ॲप वापरून बघा

स्क्रीन मोठ्यानं वाचून दाखवायला अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर असतं. ज्यांना दिसत नाही ते यांच्या आधारानं फोन वापरतात. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक चालू करा. बोट उजवीकडं सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टॅप केलं की ती उघडते. आता डोळे मिटून सोयाबीनचा भाव काढा.

पहिल्यांदा बहुतेक असं ऐकू येतं: 'सोयाबीन.' सरकवा. 'चार हजार.' सरकवा. 'चार हजार पाचशे पन्नास.' सरकवा. 'चार हजार चारशे.' कुठला किमान आणि कुठला कमाल? मथळा वर राहिला, ऐकणाऱ्यापर्यंत तो आलाच नाही. मग घंटेच्या आयकॉनवर टॉकबॅक नुसतंच सांगतो की हे बटण आहे, त्याला नाव नाही.

दुरुस्ती डेव्हलपरच्या हातात आहे आणि ती मोठी नाही. पूर्ण ओळ एकत्र बांधा आणि तिला वाचायचं वाक्य द्या: 'सोयाबीन. किमान चार हजार, कमाल चार हजार पाचशे पन्नास, सर्वसाधारण चार हजार चारशे रुपये क्विंटल. कालपेक्षा चाळीस रुपये जास्त.' घंटेला नाव द्या, पण 'घंटा' नव्हे, 'भावाची सूचना लावा'. नुसत्या शोभेच्या चित्राला नाव देऊ नका, ते वगळलं जाईल असं करा. मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असेल तर मराठी आवाज वाचतो. नसेल तर इंग्रजी आवाज देवनागरीवर अडखळतो. आणि पट्टीचा फोटो काढून पाठवायची पद्धत सोडा. फोटोतला हिशोब टॉकबॅकला भरवशानं वाचता येत नाही, पट्टी मजकुरातच द्या.

गुगलचं ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर हे मोफत ॲपही टाकून घ्या. लहान बटणं, कमी फरकाचे रंग, नाव नसलेले आयकॉन ते स्क्रीनवरच खूण करून दाखवतं. वाक्य समजतं की नाही हे मात्र ते सांगू शकत नाही.

हे काम वेळ उरला तर करायचं, असं कुणी म्हणालं तर कायदा दाखवा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगमतेची, म्हणजे ते दिव्यांगांनाही वापरता यावं याची, तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. आयएस १७८०२ हे भारतीय मानकही याच विषयावर आहे. सरकारी किंवा सहकारी संस्थेचं काम घेत असाल, तर करारातच सुगमतेचं कलम लिहून घ्या.

आपल्या भागासाठी आणखी एक. संभाजीनगर, नांदेड, परभणीत उर्दू वाचणारी पुष्कळ कुटुंबं आहेत. उद्या उर्दू जोडायची झाली, तर मांडणी उजवीकडून डावीकडं वळते. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१२ पासून आहे, फक्त कोडमध्ये 'डावं-उजवं' न लिहिता 'सुरुवात-शेवट' अशा दिशा द्याव्या लागतात. पहिल्या दिवशी तसं लिहायला जादा वेळ लागत नाही. नंतर सगळे स्क्रीन पुन्हा उघडावे लागतात.

१०. पाच माणसांच्या हातात द्या

ॲप-वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं, की पाच माणसांकडून ॲप वापरून घेतलं तरी बहुतेक मोठे अडथळे समोर येतात. पाच जणांवर बघा, दुरुस्त करा, मग नवीन पाच जणांवर. पन्नास जणांची वाट बघत बसू नका.

माणसं वेगवेगळी निवडा. एक शेतकरी, एक घरचा हिशोब बघणारी बाई, काट्यावरचा एखादा मुनीम, कॉलेजातलं पोरगं, आणि एकजण ज्याला कमी दिसतं. फोन त्यांचाच वापरा, तडकलेल्या काचेसकट. सुरुवातीला एवढंच सांगा: 'काका, परीक्षा या ॲपची आहे, तुमची नाही. जिथं अडाल तिथं बोला.' मग काम द्या, पण बटणावरचा शब्द तोंडात येऊ देऊ नका. 'पट्टी बघा दाबा' म्हणालात तर तपासणी तिथंच संपली. 'मागच्या आठवड्यात विकलेल्या मालाचे किती पैसे मिळाले, ते काढता का?' असं विचारा. मग गप्प बसा. हे सगळ्यात कठीण आहे, बोट चुकीच्या बटणाकडं जाताना बघवत नाही. तरी बोलू नका. बोट कुठं थांबलं, कुठं परत फिरलं, कुठं त्यांनी फोन जवळ नेला, एवढं लिहून घ्या.

आपल्याकडची मोठी माणसं तोंडावर नावं ठेवत नाहीत. शेवटी 'कसं वाटलं?' विचारलंत तर 'चांगलंय की' असंच उत्तर येईल. त्याऐवजी 'आता तुम्ही काय केलंत, ते मला सांगा' असं म्हणा. त्यांच्या सांगण्यात जे शब्द येतील ते शब्दांच्या यादीशी ताडून बघा. तीन जणांनी एखाद्या गोष्टीला वेगळंच नाव दिलं असेल, तर यादीतलं नाव बदला.

हाती आलेल्या अडचणी तीन गटांत टाका. ज्यानं पैशाचा किंवा क्षेत्राचा आकडा चुकीचा समजला, ती आधी, त्याच दिवशी. ज्यामुळं माणूस पुढंच जाऊ शकला नाही, ती त्यानंतर. दिसण्याच्या तक्रारी सगळ्यात शेवटी. आणि ॲप लोकांच्या हातात गेल्यावर नवीन आवृत्तीत बटणांच्या जागा कारणाशिवाय हलवू नका. ज्याला वाचता येत नाही, त्यानं 'खालचं दुसरं' एवढंच पाठ केलेलं असतं.